फीची पावती आणि दवाखान्याचं बिल एकाच पिशवीत ठेव

पत्र

ताई, मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खासगी विनाअनुदानित कॉलेजात बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅप राऊंडमधून नंबर लागला. आम्ही ओबीसी, तीन एकर सोयाबीन, दुसरं उत्पन्न नाही. मुलींना फी माफ झाली म्हणून घरी पेढे वाटले होते. पण प्रवेशाच्या दिवशी ऑफिसात म्हणाले, आधी पूर्ण फी भरा, सरकारकडून पैसे आले की परत देऊ. बाबांनी व्याजाने काढून भरली. अजून एक रुपया परत आलेला नाही. त्यात गेल्या दिवाळीनंतर बाबांना हार्ट अटॅक आला. खासगी दवाखान्यात अँजिओप्लास्टी केली, दीड लाखाच्या वर गेले. नंतर कळलं की तो दवाखाना सरकारच्या मोफत उपचारांच्या फुले योजनेच्या यादीत होता आणि आमचं केशरी कार्ड आहे. तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

आता आमच्या भागातली एक विद्यार्थी संघटना कलेक्टर कचेरीवर फीसाठी मोर्चा काढतेय. मी वर्गातल्या मुलींशी बोलले म्हणून मला तालुका उपाध्यक्ष करतो म्हणतात. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात औषधं मिळत नाहीत, तेही मागणीत घ्या. ते म्हणाले, विषय वाढवू नको, तो विद्यार्थ्यांचा प्रश्न नाही. इकडे प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, नेतागिरी करायची तर टीसी घेऊन जा. बाबा म्हणतात, माझ्या छातीत आधीच दोन स्टेंट आहेत, तू अजून काळजी लावू नको. मी काय करू? मागे सरले तर स्वार्थी ठरेन का? आणि बाबांना काय सांगू?

*एक विद्यार्थिनी*

उत्तर

बाळ, आधी सरळ उत्तर देते, कारण मोर्चाची तारीख जवळ आली असेल. मोर्चाला जा. उपाध्यक्षपद आत्ता घेऊ नको. आणि दवाखान्याचा विषय तुझ्या कागदावरून कुणालाही खोडू देऊ नको.

तो विद्यार्थ्यांचा प्रश्न नाही, हे वाक्य वाचून मला राग आला. तुमच्या घरी ज्याने पैसे दिले त्याच्या वहीत काय लिहिलंय ते आठव. फीचे इतके, दवाखान्याचे इतके, आणि खाली एकच बेरीज, एकाच नावावर. सोयाबीन विकून आलेल्या पैशांतून तुझे बाबा ती एकच बेरीज फेडतायत. आपल्याकडे मुलीचं शिक्षण सुटतं ते बहुतेक वेळा घरात कुणीतरी आजारी पडल्यावर. तीस वर्षं सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काढली मी. वॉर्डात बापाच्या उशाशी बसलेल्या पोरींना विचारायचे, कितवीला आहेस गं? "होते," असं उत्तर फार वेळा ऐकलंय. म्हणून तुला जे दिसलं ते बरोबर दिसलं, आणि ते तू संघटनेतल्या मोठ्या मुलांच्या आधी पाहिलंस.

आता फीचं. मागणी करण्याआधी आपला हक्क नेमका केवढा आहे हे पाठ असायला हवं, नाहीतर समोरचा अधिकारी पहिल्याच वाक्यात गार करतो. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांचा १०० टक्के लाभ दिला. त्याआधी तो ५० टक्के होता. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे तुम्ही ज्याला कॅप म्हणता त्यातून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागांना आणि खासगी अभिमत विद्यापीठांना तो लागू नाही. तुझं कॉलेज विनाअनुदानित आहे, तरी तू त्यात बसतेस. पण वसतिगृह, मेस, बस, डिपॉझिट, विकास शुल्क हे त्यात येत नाही. तेव्हा "सगळं फुकट पाहिजे" अशी घोषणा कुणी देत असेल तर तू दुरुस्त कर. तुमची मागणी एवढीच आहे, की शासनाने जे शुल्क स्वतः भरायचं कबूल केलंय ते आमच्या बापाकडून आधी घेऊ नका, आणि घेतलंय ते परत द्या.

दुसरं म्हणजे तुझ्या कॉलेजची मंजूर फी किती, ते बघ. २०१५च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण नेमलंय आणि प्रत्येक खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची दर वर्षाची फी तेच ठरवतं. ती त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजच्या नावानिशी मिळते. तो आकडा आणि तुमच्या पावतीवरचा आकडा शेजारी शेजारी ठेव. जुळले तर भांडण फक्त परताव्याचं आहे. पावतीवरचा जास्त निघाला तर तो वेगळा आणि जास्त गंभीर मामला आहे, त्याची तक्रार थेट प्राधिकरणाकडे जाते.

इथे कॉलेजच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते, कारण ती खरी आहे. सरकारकडून येणारे पैसे उशिरा येतात. लहान कॉलेजांत त्यामुळे शिक्षकांचे पगार थकतात. तुमचे सर कदाचित दोन-दोन महिने बिनपगारी शिकवत असतील. म्हणून मोर्चाचं तोंड फक्त प्राचार्यांच्या केबिनकडे असेल तर अर्धा दोषी सुटून जातो. निवेदन दोन हवीत. एक कॉलेजला, आणि दुसरं तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयाला: आमच्या कॉलेजच्या किती मुलींचे महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचे अर्ज कुठल्या टेबलावर अडकलेत, कॉलेजने किती पुढे पाठवले, किती मंजूर झाले, किती पैसे कधी वर्ग झाले. हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. खासगी कॉलेजने तुला माहिती नाकारली तरी सहसंचालकांचं कार्यालय सरकारी आहे, त्यांच्याकडची माहिती त्यांना द्यावीच लागते. अर्ज अडकलाय तो कॉलेजच्याच लॉगिनला, असंही निघू शकतं. मग प्राचार्यांशी बोलताना तुझ्या हातात कागद असेल.

तुझ्या वर्गात किती मुलींनी आधी फी भरली? नक्की आकडा माहीत आहे? पत्रात तू "सगळ्यांनी" असं लिहिलेलं नाहीस, म्हणून विचारते. एक वही कर. नाव, प्रवर्ग, कॅप की कोटा, भरलेली रक्कम, पावती क्रमांक, तारीख, परत मिळाले का. प्रत्येकीच्या पावतीचा फोटो. ज्यांना नाव द्यायची भीती वाटते त्यांना जबरदस्ती नको, त्यांची रक्कम फक्त मोज. बावीस मुलींच्या पावत्या घेऊन गेलेली चार जणं कलेक्टरसमोर जेवढं मिळवतात, तेवढं पाचशेंचा मोर्चा पावत्यांशिवाय मिळवत नाही. मी मोर्चाच्या विरोधात नाही. मोर्चामुळे दार उघडतं, पण आत गेल्यावर टेबलावर काय ठेवणार?

तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, मुंबईत आणि तुळजापूरच्या कॅम्पसमध्येसुद्धा. प्रश्न तुझ्या प्रश्नाचा सख्खा भाऊच. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना वसतिगृह आणि मेसचे पैसे आधी भरायला सांगितले होते. आधी भरा, मागून मिळेल. ज्याच्या घरात "आधी" भरायला काही नाही, त्याच्यासाठी हे वाक्य म्हणजे बंद दार. त्या मुलांनी हा हिशेब देशापुढे नीट मांडला. आणि मेसच्या बिलाला क्षुल्लक समजू नये, हे सांगायला गुजरात आहे. डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचं बिल वाढलं म्हणून मुलं उठली आणि ९ फेब्रुवारी १९७४ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला.

आता दवाखाना. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण ही माझी जागा आहे आणि थोडी तुझीही.

बाबांचं आधी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी येते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसलेला असतो, रुग्णाला योजना सांगणं हेच त्याचं काम. तातडीच्या वेळी आधी उपचार सुरू करून फोनवर कळवायची आणि कागद मागून द्यायची सोयसुद्धा योजनेत आहे. म्हणजे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, ही तुमची चूक नव्हे. रात्री बापाला घेऊन धावलेल्या माणसाने भिंतीवरचे फलक वाचत बसायचं का? डिस्चार्ज कार्ड, बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, केशरी कार्डाची झेरॉक्स हे सगळं जोडून योजनेचे जिल्हा समन्वयक आणि जिल्हा शल्यचिकित्सक दोघांकडे तक्रार कर. १५५३८८ या क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घे. पैसे परत मिळतीलच असा शब्द मी देत नाही, ते रुग्णालयाच्या नोंदींवर ठरेल. पण यादीतलं रुग्णालय पात्र रुग्णाकडून पैसे घेतं ही गोष्ट नोंदवली जायला हवी, तुझ्या बाबांसाठी आणि त्यांच्या मागून त्याच दारात येणाऱ्यासाठी.

मग औषधांचं. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वरपर्यंत, केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या विभागाकडे असतात, त्यांना हा निर्णय लागू नाही, म्हणून तू तुझ्या तालुक्यातलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय धर. तिथे केसपेपर फुकट, पण चिठ्ठी बाहेरची. "हे बाहेरून आणा." हा शब्द मी वॉर्डात उभी राहून हजारो वेळा उच्चारलाय, कपाट रिकामं होतं म्हणून. आणि समोरची बाई चिठ्ठीकडे बघून पदराची गाठ सोडायची, त्यात किती आहेत ते न मोजताही मला कळायचं.

तुमच्या संघटनेतल्या मुलांना जे येत नाही ते तुला आणि तुझ्या वर्गाला येतं. औषधाचं ब्रँडचं नाव आणि मूळ नाव यातला फरक तुम्ही शिकलात. कुठलं औषध अत्यावश्यक यादीत असतं, कुठल्याला पर्याय आहे, कुठल्याला नाही, हे तुम्हाला समजतं. आठवड्यातून एक दिवस, तुमची परीक्षा नसेल तेव्हा, दोघी-तिघींनी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर बसा आणि लोकांनी आपणहून दाखवलेल्या बाहेरच्या चिठ्ठ्या उतरवून घ्या. रुग्णाचं नाव, आजार काहीही लिहायचं नाही. औषध, मात्रा, तारीख, बाहेर किती पैसे गेले, एवढंच. दोन महिन्यांनी तुमच्या हातात असं काही असेल जे कदाचित जिल्ह्याच्या ऑफिसातही नसेल. मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी किती आठवडे नव्हती. साप चावल्यावरची लस कधी नव्हती. हा तक्ता घेऊन रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे जा आणि बैठकीत पाच मिनिटं मागा.

हे नवं नाही. २००७पासून महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला, तो पहिल्यांदा पाच जिल्ह्यांत: पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि तुझा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. गावातल्या बायका आणि कार्यकर्ते आरोग्य केंद्राला गुण द्यायचे. मग मांडव टाकून जनसुनवाई व्हायची, अधिकारी समोर बसायचे आणि एखादी शेतमजूर बाई उठून सांगायची, मला बाहेरची चिठ्ठी दिली, ही बघा. कितीतरी केंद्रांत औषधसाठ्याचे फलक भिंतीवर लागले, बाहेरच्या चिठ्ठ्या थांबल्या. तुझ्या भागात त्या कामातली जुनी माणसं अजून असतील, आशाताईंना विचार. त्यांच्याकडून दोन तासांत जे शिकशील ते कुठल्या शिबिरात मिळणार नाही.

धमकीचं बोलू. टीसी घेऊन जा, हे बोलणं सोपं असतं. प्राचार्य पुन्हा म्हणाले तर नम्रपणे म्हण, सर, हे मला लेखी द्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ सालीच मनाई केलीय. पण त्यांच्या हातात एक खरं हत्यार आहे आणि ते तू त्यांना देऊ नकोस. बी.फार्मला प्रत्येक विषयात ८० टक्के हजेरी लागते, थिअरी वेगळी, प्रॅक्टिकल वेगळं. आंदोलन करणाऱ्या मुलीला कुणी घोषणांबद्दल शिक्षा करत नाही, हजेरीत धरतात. प्रॅक्टिकल एकही चुकवू नको. निवेदनं, बैठका, वही हे सगळं कॉलेज सुटल्यावर.

हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मी नर्सिंगला असताना विद्यावेतनासाठी आम्ही संप केला होता. मागणी रास्त होती. घोषणा द्यायला मी सगळ्यांत पुढे होते. विद्यावेतन पुढे वाढलंही. पण हजेरी कमी भरली म्हणून आठ-नऊ जणींची परीक्षा हुकली. ज्यांच्या घरी सहा महिने पोसायची ताकद होती त्या पुढच्या खेपेला बसल्या. माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी वाडीवरून आलेली, तिला वडील न्यायला आले ते कायमचे. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न लागलं. वाढलेलं विद्यावेतन तिला मिळालं नाही आणि आमच्यापैकी कुणी तिच्या गावी गेलं नाही, मीही नाही. हे मला अजून सलतं. म्हणून तुझ्या वहीत अजून एक रकाना कर, हजेरीचा. जिची कमी आहे तिला मोर्चाला नेऊ नका, तिची पावती न्या.

पोलिसांचं थोडक्यात. संघटनेने रीतसर परवानगीचा अर्ज दिलाय का आणि त्याची पोच घेतलीय का, हे तू स्वतः बघ. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ लागू असेल, म्हणजे जमावबंदी, तर गेटाबाहेर बसणं आणि शिष्टमंडळ आत पाठवणं एवढंच करा. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले सरकार वेळोवेळी मागे घेतं, पण दगड मारला, काच फुटली, तर ती गोष्ट वेगळी होते, आणि उद्या सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. घोळक्यात दगड उचलणारा दिसला की तुम्ही मुली तिथून बाजूला व्हायचं. त्याला भित्रेपणा म्हणणारे म्हणोत.

आता पदाचं. आपल्याकडे १९९४ साली कॉलेजांतल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, २०१९ साली घ्यायच्या ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या. तुझ्या वर्गाने निवडून दिलेली प्रतिनिधी म्हणून तू प्राचार्यांसमोर बसली असतीस तर "नेतागिरी" हा शब्द त्यांना वापरता आला नसता. ती वाट अडली म्हणून आज पदं वरून वाटली जातात. पक्षाशी जोडलेली संघटना असणं यात मला वाईट काही दिसत नाही. पक्षाशिवाय कायदे बदलत नाहीत आणि राजकारण ही घाण आहे म्हणणाऱ्यांनी आपल्या मुलींचं काही भलं केलेलं नाही. पण तुला पद कशासाठी देतायत, हे बघ. त्यांना तुझ्यासोबत येणाऱ्या मुली हव्यात. त्या मुली तुझ्यावर विश्वास ठेवून येणार, बॅनरवरच्या फोटोवर नाही. तेव्हा त्यांना सांग, निवेदनात औषधांचा मुद्दा दुसऱ्या क्रमांकावर घाला, आमच्या पावत्यांची यादी जोडा, आत जाणाऱ्या शिष्टमंडळात माझ्या वर्गातल्या दोन मुली घ्या. पद नको. हे मान्य करणारी संघटना असेल तर वर्षभराने पदाचा विचार कर, तोवर तुला माणसं कळलेली असतील. मान्य करणार नसतील तर मोर्चात चाल आणि आपलं निवेदन आपल्या सह्यांनी वेगळं दे. त्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नको.

मागे सरलीस तर स्वार्थी ठरशील का, असं विचारलंस. नाही. परीक्षेच्या तोंडावर, किंवा बाबांची तब्येत बिघडली तर, वही मैत्रिणीच्या हातात दे आणि घरी जा. वही एकटीच्या नावावर नसावी ती याचसाठी.

राहिले बाबा. त्यांना भाषण देऊ नको. ते घाबरलेत, आणि त्यांच्या भीतीत मला जास्त दिसते ती शरम, की आपल्याला माहीत नव्हतं म्हणून घरावर कर्ज झालं. अशी माणसं दवाखान्याची पिशवी कपाटावर टाकतात आणि पुन्हा बघत नाहीत. ती पिशवी खाली काढ, त्यांच्यासमोर. त्यांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत का ते आधी बघ, स्टेंटनंतरची रक्त पातळ ठेवणारी गोळी पैशासाठी बंद केलेली असेल तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. मग कागद तारखेने लाव. तुझ्या फीची पावतीही त्यातच ठेव. योजनेचा तक्रार अर्ज तूच लिही, स्वच्छ अक्षरात, आणि खाली "अर्जदार" लिहून जागा सोड. तिथे त्यांची सही लागेल. ते लगेच करणार नाहीत कदाचित. दोन दिवस अर्ज तसाच टेबलावर राहू दे.